गावाचं कडवं

एप्रिल लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. ऊन भाजून काढत असतं, शहाणी माणसं पडदे ओढून पंख्याखाली आडवी झालेली असतात, आणि मी आपली छत्री घेऊन कॉलनीत हिंडत असते. सून म्हणते, "आई, ऊन लागंल की." लागतंच. पण बसवत नाही. गॅलरीत उभं राहावं तर समोरच्या खांबांवर पोरं निळ्या पताका बांधत असतात, चौकात कुणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो, चेक" करत असतो, आणि छातीत काहीतरी ताणल्यासारखं होतं. जयंतीचा महिना. या दिवसांत कोल्हापुरात कुणाला कैऱ्या आठवतात, कुणाला शाहूवाडीकडून पाटीतून येणारी करवंदं आठवतात. मला हलगी आठवते. एरवी हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकावी लागते, मग कातडं ताणून बसतं. एप्रिलात ती कटकट नसते. नुसती उन्हात ठेवली तरी बोट लागताच खणखणते. या महिन्यात माझंही तसंच होतं, कुणी जरा काही बोललं की मी वाजते. घरातल्यांना ते आता सवयीचं झालं आहे.

यंदा कारणही मिळालं. मंडळाची पोरं घरी आली. बसा म्हटलं तर बसली नाहीत, दारातूनच म्हणाली, "आजी, यंदा शाहिरांचं गाणं तुमीच म्हणायचं बघा. ते कपाचं कडवं हाय न्हवं, त्येच. लई भारी हाय." शाहीर म्हणजे माझे वडील, आप्पा. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पोरं गेली आणि तेव्हापासून मला चैन नाही. गाणं आप्पांचं, गाणार त्यांचीच लेक, यात काय अडायचं? अडतं ते एवढ्याचसाठी की कपाचं कडवं आमच्या कॉलनीचं नाही. ते दुसऱ्याच एका गावाचं आहे.

हे नीट सांगायला हवं, कारण आता सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आप्पा कबनूरला माग चालवायचे. कारखान्यात माग एकदा सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं जन्म काढलेला माणूस घरी आला तरी ओरडूनच बोलतो. आमच्या घरात "मीठ दे" हेसुद्धा गल्लीला ऐकू जायचं. त्या खडखडाटात आप्पा गाणी जुळवायचे. कागद नाही, पेन नाही, मागाच्या ठेक्यावर शब्द बसवायचे आणि घरी आल्यावर मला आणि बंडूकाकांना म्हणून दाखवायचे. बंडूकाका त्यांचे हलगीवाले, कारखान्यातलेच सोबती. मी झील धरायची. शाहिरानं कडवं म्हटलं की मागून ध्रुपद उचलायचं ती झील. शाळेत असल्यापासून ते काम माझ्याकडं होतं. गाण्याचं ध्रुपद असं होतं:

तुझं तूच बोल गावा, तुझं तूच बोल,
दुसऱ्याचं काढशील तर फुटंल तुझा ढोल.

पुढची कडवी ठरलेली. शेवटचं मात्र कधीच ठरलेलं नसायचं. ते त्या त्या गावाचं.

जयंतीच्या दिवसांत आमचा जलसा गावोगाव जायचा. संध्याकाळी कार्यक्रम असला तरी आप्पा भर दुपारी गावात पोचायचे. आम्ही झाडाखाली भाकरी सोडायचो आणि ते एकटेच गाव चालायला निघायचे. हा त्यांचा नेम. पाणवठा बघायचा, शाळेतला माठ बघायचा, चहाची टपरी बघायची, मढं कुठं जाळतात ते बघायचं. कुणाच्या घरी पाणी मागायचं, कुणी कसं दिलं ते मनात ठेवायचं. परत आले की भिंतीकडं तोंड करून बसायचे. बोटं डफावर हलायची, पण आवाज निघायचा नाही. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, आईसुद्धा नाही. संध्याकाळी त्या गावाचं कडवं तयार. गावाला ते तिथंच, सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकू यायचं.

गावं भ्यायची आणि तरी बोलवायची. कपाचं गाव तसंच. शाहीर येणार म्हणून टपरीवाल्यानं आमच्या वस्तीतल्या लोकांसाठी बाहेर टांगलेले वेगळे कप आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. आप्पांना आत बोलावून, बाकावर बसवून बशीतून चहा दिला. आप्पा चहा प्याले, "झ्याक झालाय" म्हणाले आणि बाहेर येऊन भिंतीकडं बघत उभे राहिले. कप गेले होते, पण खिळे राहिले होते. त्या संध्याकाळी ते म्हणाले:

किटलीमधला चहा एक, साखर बी ती एक,
कप काढलं, खिळं ऱ्हायलं, कुणी मारली मेख?

टपरीवाला गर्दीतच होता. तो खाली बघत हसला, मग हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं खिळे उपटले म्हणे. खरं-खोटं मी बघायला गेले नाही.

आप्पांना लोक समाजसुधारक म्हणायचे. भाषणांत तसं म्हणतात, चांगलं वाटतं. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की देवीच्या नावानं जोगवा मागायच्या परड्या सोडायला निघालेल्या, डोक्यात जट वाढलेल्या बायका कुठून कुठून विचारत यायच्या आणि आमच्या परसात पाटावर बसायच्या. आई त्यांच्या केसांत तेल जिरवायची, कात्री घ्यायची, आणि आप्पा उंबऱ्यावर बसून मोठमोठ्यानं गायचे. कात्रीचा आवाज बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. देवीचा कोप होईल या भीतीनं ती थरथरत असायची. एकदा एक बाई जट निघाल्यावर दोन्ही हातांनी डोकं चाचपत किती वेळ तशीच बसली आणि म्हणाली, "डोस्कं हलकं झालं की वो शाहीर." आप्पा गाताना थांबले आणि रडले. मोठ्यानं रडले, ते सगळंच मोठ्यानं करायचे. मी तिथंच उभी होते, आणि माझा बाप जगात सगळ्यात मोठा आहे असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मग तो एप्रिल आला. मी नुकतीच मास्तरीण होण्याचा अभ्यास संपवला होता आणि माझं लग्न ठरत आलं होतं. स्थळ वारणेकाठच्या एका गावातलं, आपल्यातलंच, बौद्ध वस्तीतलं. गावाचं नाव लिहीत नाही. मुलगा शिकलेला, मितभाषी. बघायला आला तेव्हा तो माझ्याशी फक्त एक वाक्य बोलला होता, "तुमचा आवाज मी ऐकलाय, वारणानगरला." मला तो आवडला होता. ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. फार आवडला होता.

त्याच गावात आमचा जलसा ठरला. संध्याकाळी कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायची, असा बेत. आम्ही दुपारी पोचलो तर मुलाचे वडील रस्त्यापर्यंत सामोरे आले. वस्तीत ज्याचा शब्द झेलला जातो असा माणूस, डोक्यावर टोपी, अंगात कडक नेहरू शर्ट. "या शाहीर! आता काय, पावणं झालासा तुमी आमचं." गूळ-पाणी झालं, नव्या कपबशीतून चहा झाला. मुलाच्या आईनं मला आत नेऊन माझ्यासाठी घेतलेलं लुगडं दाखवलं. मोरपंखी रंगाचं होतं. मी त्यावरून हात फिरवत होते तेवढ्यात बाहेरून आप्पांचा आवाज आला, "जरा गाव बघून येतो."

"बघा की!" मुलाचे वडील हसले. "वरच्या आळीची हीर बघा, तालमीम्होरचा कट्टा बघा. सोडू नगा आज एकालाबी."

आमचं कडवं नेहमी वरच्या आळीवरच असतं अशी त्यांची समजूत होती. खोटं कशाला बोला, तोवर माझीही तीच समजूत होती.

आप्पा फार लांब गेलेच नाहीत. वस्तीच्या तोंडाशीच सरकारी नळ होता. नळावर आपल्या बायका घागरी भरत होत्या. थोडं अंतर राखून पलीकडच्या आळीतल्या, मातंग वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. आपलं भरून झालं की एखादी बाई तांब्यानं वरून, घागरीला स्पर्श होऊ न देता, त्यांच्या घागरीत पाणी ओतत होती. आप्पांच्या आईनं असंच वरून ओतलेलं पाणी जन्मभर भरलं होतं. ती गोष्ट आप्पांनी किती जलशांत सांगितली होती, आणि या वस्तीतली माणसं ती ऐकून किती वेळा डोळे पुसून गेली असतील.

परत आल्यावर ते खाटेवर टेकले नाहीत. समोर पाण्याचा तांब्या आला, तोही तसाच ठेवला. आई ओळखायची ते ओळखून गेली. परसात शेवग्याखाली त्यांना गाठून म्हणाली, "अवं, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुठल्या गावचं म्हणा. लेकीचं हाय."

"लेकीचं हाय, म्हायतीय मला."

"म्हायतीय तर मग? आपल्याच माणसांची इज्जत घालवायची व्हय, सगळ्या गावाम्होरं?"

कारखान्यात धागा तुटलेला दिसला की आप्पा माग तिथंच थांबवायचे, मालक ओरडला तरी. तुटक्या धाग्यावर कापड पुढं रेटलं की डाग शेवटपर्यंत जातो, एवढंच म्हणायचे. मग त्यांनी मला हाक मारली. आमच्या पार्टीचा एक नियम होता. शाहिरानं कडवं टाकायचं, पण झीलकऱ्यानं उचललं नाही तर ते पडलं असं धरायचं. पडलेलं कडवं आप्पा पुन्हा कधीच म्हणायचे नाहीत. ते माझ्याकडं बघत, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "झील तुझ्याकडं हाय, बाय. तू उचलणार असशील तरच म्हणतो. न्हायतर कपाचं म्हणू, आणि जिऊन झोपू."

आणि त्यांनी मला कडवं म्हणून दाखवलं.

गावानं तुझी घागर अडवली, केलीस हाय हाय,
आज दुसऱ्याची तू अडवितोस, तुझं निराळं काय?

आई माझ्याकडं बघत होती. शेवग्याची पिवळी पानं टपटप गळत होती. आत ते मोरपंखी लुगडं ठेवलेलं होतं. त्या घटकेला मला बापाचा एवढा राग आला की बस. स्वतःचं ओझं त्यांनी अलगद माझ्या डोक्यावर ठेवलं होतं. ते हुकूम देते तर बरं झालं असतं, जन्मभर त्यांना बोल लावता आला असता. शेवटी मी म्हणाले, "परत एकदा म्हणा, आप्पा." एकदा ऐकून मला कडवं बसायचं नाही.

संध्याकाळी मांडव भरला. पहिल्या रांगेत मुलाचे वडील, शेजारी तो. गाणं रंगलं, लोक ध्रुपदाला टाळ्यांचा ठेका धरत होते. शेवटच्या कडव्याला आप्पांनी डफ खाली घेतला आणि नुसत्या आवाजात त्या दोन ओळी म्हटल्या. बंडूकाकांची हलगी चुकली. त्यांना कल्पना नव्हती. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत मला एकटीला उचलायचं होतं. मी उचललं. तुझं तूच बोल गावा. आवाज फाटला, पण उचललं.

मुलाचे वडील उठले, टोपी नीट केली आणि निघून गेले. मग रांगा उठल्या. तो शेवटपर्यंत बसून होता, खाली मान घालून, आणि मग तोही उठला. मांडवाबाहेर भिंतीच्या कडेला पलीकडच्या आळीतल्या बायका उभ्या होत्या. वाटलं, निदान त्या तरी टाळी वाजवतील. त्यांनीही वाजवली नाही. त्यांना उद्या पुन्हा त्याच नळावर यायचं होतं. हे समजायला मला फार वर्षं लागली.

सुपारी फुटली नाही. निरोप आला, पोरगी गुणाची हाय, पण बाप तोंडाचा फाटका हाय. पुढं माझं लग्न झालं, चांगल्या माणसाशी झालं, संसार झाला, नोकरी झाली. तक्रार करायला जागा नाही. तरी दर एप्रिलात मी स्वतःशी भांडते. झील मीच धरली होती, मग राग कुणावर काढू? आणि नसती धरली, तर मोरपंखी लुगडं नेसून त्याच नळावर मीच वरून पाणी ओतत बसले असते का? बसले असते, असंच मला वाटतं. मग मी छत्री घेऊन बाहेर पडते.

मध्ये एकदा एसटीनं त्या गावावरून गेले. नळ दिसतो का म्हणून खिडकीतून वाकून पाहिलं. नळ नव्हता. घरोघरी पाण्याची लाईन आली आहे म्हणे, दोन्ही आळ्यांत. म्हणजे अडवणं कुणी सोडलं की अडवायची गरजच संपली, हे आता कधी कळायचं नाही. शेजारी बसलेल्या पोरीनं सांगितलं, आमच्या गावात जयंतीला शाहिरांचं गाणं लागतं, ते कपाचं. नळाचं कडवं तिला ठाऊकच नव्हतं. आणि कपाच्या गावात कुठलं लागतं, तर नळाचं. असंच झालंय सगळीकडं. आप्पांचं गाणं सगळी गावं म्हणतात, आणि प्रत्येक गाव दुसऱ्याचं कडवं म्हणतं. ध्रुपदात काय म्हटलंय, तिकडं कुणाचं लक्ष नाही. ढोल मात्र एकाचाही फुटलेला नाही, उलट आता ते भिंती हादरतील एवढे मोठे झालेत.

म्हणून या वर्षी मी ठरवलं, आपण कॉलनी चालायची. आप्पांसारखी, भर दुपारी. आमची कॉलनी चांगली आहे. नोकरदार माणसं, दारात गाड्या, कट्ट्यावर तुळशीऐवजी शोभेची झाडं. कुणाच्या कपात फरक नाही, पाण्याचा प्रश्न नाही. मी फिरून फिरून दमले आणि मागच्या आळीला मंगलच्या दारात टेकले. मंगल मातंग वस्तीतली, बँकेत सफाईचं काम करते. तिनं पाणी दिलं. गेल्या महिन्यात तिच्या पोरीचं लग्न झालं होतं. रस्त्यावर मांडव घालून, कडक उन्हात. मी आहेर करायला गेले होते तेव्हा नवरी घामानं निथळत होती.

"हॉल का नाही घेतलास गं?" मी सहज विचारलं. आमच्या समाजमंदिराचा हॉल तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

"मागितला की, बाई. तारीख गेलीया म्हणालं."

ती साधेपणानं बोलली आणि मांजराला हाकलायला उठली. मी हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं. त्या दिवशी आहेर देऊन येताना मी हॉलवरूनच आले होते. हॉलला कुलूप होतं.

घरी आले. फ्रीज उघडायला हात पुढं केला आणि थांबले. फ्रीजशेजारी भिंतीत एक खिळा आहे. त्याला निळ्या रिबिनीची एक किल्ली टांगलेली असते, कितीतरी वर्षं. हॉलची किल्ली. हॉलची व्यवस्था माझ्या मुलाकडं, संदीपकडं आहे.

रात्री जेवताना त्याला विचारलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "आई, कमिटीचं म्हणणं असं हाय, आपला हॉल आपल्या माणसांला. एकदा दिला की पायंडा पडतो. तू ह्यात पडू नको." यंदा वॉर्डातून उभं राहायचं त्याच्या मनात आहे. कमिटीला दुखवून कसं चालेल? पोरगा वाईट नाही. माझं औषध कधी विसरत नाही. वारणेकाठच्या त्या मुलाचे वडीलही वाईट नव्हते, रस्त्यापर्यंत सामोरे आले होते.

आज जयंती. संध्याकाळी गाणं आहे, पहिल्या रांगेत संदीप बसणार आहे. दुपारभर मी भिंतीकडं तोंड करून बसले होते, बोटं मांडीवर हलत होती. मग उठून स्वयंपाकघरात गेले. सून, शीतल, कणीक मळत होती. तिचा आवाज चांगला आहे, आणि झील तिनं धरायची असं ठरलं आहे. मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि कमरेला खोचली. म्हणाले, "शीतल, कपाचं कडवं म्हणायचं नाही. हे म्हणायचं. तू उचलणार असशील तरच म्हणते, नाहीतर कपाचं म्हणू."

आणि म्हणून दाखवलं.

तारीख गेली सांगितलं, हॉलला लावलं टाळं,
किल्ली माझ्याच खिळ्यावरती, माझंच तोंड काळं.

तिचे हात कणकेत थांबले. ती खिळ्याकडं बघत राहिली. नुसता खिळा होता. नवरा तिचा, निवडणूक तिच्या घरची, उद्या तोंड दाखवायचं ते तिला. माझ्याकडं बघताना तिच्या डोळ्यांत राग होता, तो मी चांगला ओळखते.

बाहेरच्या खोलीतून संदीप ओरडला, "आई, हॉलची किल्ली कुठाय? खुर्च्या काढायच्यात!"

शीतलनं कणकेचे हात पुसले.

"परत एकदा म्हणा, आई," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."